मस्की फिशिंगमध्ये रॉड आणि रील धरायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिनेसोटात आल्यावर मला या माशाचं वेड लागलं आणि आता ओळखीपाळखीतले मराठी लोक दर उन्हाळ्यात तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू. मी काही गाईड वगैरे नाही, आयटीत काम करतो आणि शनिवार-रविवार बोटीवर असतो. चुका भरपूर केल्यात, त्यातल्या बऱ्याचशा हाताच्याच.

मस्की म्हणजे नक्की कुठला मासा? आणि रॉड धरण्यात एवढं काय शिकायचंय?

मस्की म्हणजे मस्केलंज, पाईक नावाच्या माशांच्या घराण्यातला सगळ्यात मोठा मासा, गोड्या पाण्यातला. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, तिकडे कॅनडात ओंटारिओ, सेंट लॉरेन्स नदी, हा त्याचा पट्टा. विस्कॉन्सिनचा तर १९५५ पासून तो राज्यमासा आहे, आणि तिथे हेवर्ड गावात फिशिंगचं म्युझियम आहे त्याच्या आवारात १४३ फूट लांब फायबरग्लासचा मस्की उभा केलाय, लोक जिने चढून त्याच्या जबड्यात जातात आणि फोटो काढतात. आम्हीही काढलाय.

याला दहा हजार कास्टचा मासा म्हणतात, म्हणजे दहा हजार वेळा गळ टाकावा तेव्हा एक मिळतो. आकडा म्हणजे म्हणच आहे, पण म्हणीत दम आहे. मी एकदा घड्याळ लावून मोजलं, मोठा बकटेल (फिरती पाती आणि केसाळ शेपटीवालं खोटं आमिष) टाकून परत गुंडाळायला साधारण एक मिनिट जातं, म्हणजे तासाला साठ, मधे चहा-सँडविच-जागा बदलणं धरलं तरी दिवसाला चारशे कास्ट होतात. आणि टाकताय काय, तर ३-४ औंसाचं ल्युअर (खोट्या आमिषाला ल्युअर म्हणतात), म्हणजे ८५ ते ११५ ग्रॅम, रबरवाली मोठी ल्युअरं तर पाऊण-एक पौंडापर्यंत जातात. गावी मरळ पकडायला जो रबरी बेडूक वापरतो तो १५-२० ग्रॅमचा असतो, तिथे रॉड कसाही धरला तरी चालून जातं. इथे नाही चालत, दुसऱ्या दिवशी ऑफिसात माऊस धरवत नाही.

बरोबर ग्रिप कुठली? एका वाक्यात सांग.

एका वाक्यात नाही सांगता येत कारण एक ग्रिप नसतेच मुळी. हाच सगळ्यांचा घोटाळा होतो, माझाही झाला, फोटोत बघतात की अमक्याने रील असं तळहातात धरलंय आणि मग दिवसभर तसंच घट्ट धरून बसतात. खरं म्हणजे एका कास्टमध्ये हात चार वेळा बदलतो, टाकताना एक पकड, गुंडाळताना दुसरी, बोटीजवळ आल्यावर फिगर एटला (पाण्यात आठचा आकडा काढणं, पुढे सांगतो) तिसरी, आणि नशिबाने मासा लागला तर चौथी. शिकायचंय ते या चारांमधलं जाणं-येणं, न बघता. क्रिकेटमध्ये बॅटची ग्रिप एकच शिकवतात ना, मग ड्राइव्हला खालचा हात सैल आणि पुलला तोच हात मालक, तसंच काहीसं.

टाकताना हात कुठे कुठे?

मी उजवा आहे आणि माझ्या रीलचं हँडल उजवीकडे आहे, तसं धरून सांगतो. उजवा हात रीलजवळ, अंगठा स्पूलवर, म्हणजे रीलमधल्या दोरा गुंडाळलेल्या फिरकीवर. रॉडच्या खाली बोटं अडकवायला जो ट्रिगर असतो तो मधलं बोट आणि अनामिका यांच्यामध्ये. डावा हात मागच्या मुठीच्या अगदी टोकाला, बुंध्याशी. ल्युअर टोकापासून फूट-दीड फूट लोंबता ठेवायचा.

आता जोर. जोर मनगटात नाही. उजवा हात पुढे ढकलतो आणि त्याच वेळी डावा हात बुंधा पोटाकडे ओढतो, ढकल-ओढ एकदम झाली की रॉड आपोआप वाकतो आणि ल्युअर जातो. नवीन माणूस काय करतो, उजव्याच हाताने गोफण फिरवल्यासारखं फेकतो, डावा नुसता शोभेला. ते तासभर जमतं, मग खांदा बोलायला लागतो.

ल्युअर हवेत असताना अंगठा स्पूलवर हलकेच टेकलेला, आणि पाण्यावर पडायच्या आधी अंगठ्याने ब्रेक. उशीर केलात तर स्पूल फिरतच राहतं आणि दोऱ्याचं घरटं होतं. ८० पौंड ताण झेलणारी ब्रेडेड, म्हणजे विणलेली लाईन, त्यात एकदा घरटं झालं की अर्धा तास पेन्सिलच्या टोकाने सोडवत बसायचं, शेजारचा मात्र टाकतोय आपला. माझा पहिला सीझन असाच गेला, निम्मा वेळ फिशिंग आणि निम्मा वेळ विणकाम.

मग गुंडाळताना हात बदलायचा? की डाव्या हँडलचं रील घ्यावं?

हा वाद बोटीवर काढू नका, दिवस जाईल.

उजवा माणूस आणि उजवं हँडल असेल तर टाकून झाल्यावर रॉड डाव्या हातात द्यावा लागतो. मस्कीवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं हेच चालत आलंय, एक तर जुनी गोल रीलं बहुतेक उजव्या हँडलचीच मिळायची, आणि दुसरं म्हणजे १० नंबरची दोन पाती लावलेला बकटेल पाण्यातून ओढायला खरोखर ताकद लागते, ती ताकद चांगल्या हाताने लावावी असा हिशोब. दिवसभर चरकाचं हँडल फिरवण्यातला प्रकार आहे, रसवंतीवाला कुठल्या हाताने फिरवतो बघा.

डावं हँडल घेतलं तर हात बदलायची भानगडच नाही, उजव्याने टाकलं, उजव्यातच राहिला, डाव्याने गुंडाळलं. फायदा म्हणजे ल्युअर पडल्या पडल्या गुंडाळणं चालू होतं आणि फिगर एटला जोरदार हात आधीच रॉडवर असतो. तोटा, डावा हात दोन तासांत थकतो. आता चांगल्या कंपन्या दोन्ही बाजूंची रीलं काढतात त्यामुळे मिळत नाही हे कारण राहिलेलं नाही.

माझं मत विचाराल तर ज्याने आधी कधी बेटकास्टर (हे असं अंगठ्याने आवरायचं रील) वापरलाच नाही त्याने डावं घेऊन बघायला हरकत नाही, आणि ज्याला उजव्याची सवय आहे त्याने उगाच बदलू नये. मी उजवंच वापरतो. बदल मात्र ल्युअर हवेत असतानाच करायचा, पडल्यावर नाही. अंगठ्याने ब्रेक लागेपर्यंत डावा तळवा रीलखाली येऊन बसलेला पाहिजे, कारण बकटेल पाण्यात पडला की लगेच ओढला नाही तर बुडतो, खाली गवत असतं, गेला कास्ट.

तिसरा प्रकार पण आहे, उजवं हँडल पण टाकतानाच डावा हात रीलवर ठेवायचा आणि उजवा बुंध्यावर. म्हणजे टाकून झालं की उजवा बुंध्यावरून थेट हँडलवर. ज्यांना जमतं ते याच्या प्रेमात असतात. मला जमलं नाही, माझा डावा अंगठा मठ्ठ आहे.

पामिंग पामिंग म्हणतात ते काय?

रील तळहातात घेणं. गुंडाळताना डाव्या हाताचा तळवा रीलच्या हँडल नसलेल्या बाजूवर बसवायचा, म्हणजे रीलचं गालफड तुमच्या तळव्यात. अंगठा वरून आडवा, बाकीची बोटं खालून रॉडला विळखा घालून. पेरू अर्धा तळहातात धरतो ना आपण, तेवढीच पकड. नारळ धरल्यासारखी नाही.

तर्जनी मोकळी ठेवा. मी ती रीलच्या पुढे काढून लाईनला हलकी लावून ठेवतो, पाती फिरतायत की गवत अडकलंय ते तिथेच कळतं. ही अक्कल माझी नाही. माझा मामा मालवणचा, तो नुसत्या दोरीने गरवतो, ना रॉड ना रील, दोरी तर्जनीवरून सोडलेली आणि गरीला काय लागलंय ते वर काढायच्या आधी सांगतो. रॉड हातात आल्यावर आपण बोटाचं ऐकणं सोडून देतो.

ट्रिगर कुठल्या बोटांमध्ये धरायचा?

मधलं आणि अनामिका, किंवा अनामिका आणि करंगळी. काहीजण तर्जनी-मधलं असं पण धरतात. दिवसातून दोन-तीनदा बदला, हेच खरं उत्तर. एकाच जागी ट्रिगर घासत राहिला की बोटांच्या बेचक्यात आधी लाल होतं मग फोड येतो, आणि फोड आला की माणूस नकळत वाकडं धरायला लागतो, तिथून मनगट सुरू.

माझे हात लहान आहेत, रील मुठीत मावतच नाही.

मग मुठीत मावणारं रील घ्या, सोपंय. मस्कीसाठी जी लो-प्रोफाईल, म्हणजे बुटकी रीलं येतात त्यात साधारण ३०० आणि ४०० असे साईज सगळ्यांना माहिती आहेत, कंपनीप्रमाणे आकार थोडा पुढेमागे. ४०० मध्ये लाईन जास्त मावते, ताकद जास्त, पण तळवा छोटा असेल तर ते रील धरून ठेवण्यातच निम्मी शक्ती जाते. माझे हात काही पैलवानाचे नाहीत, दुकानात ४०० बघून हरखलो आणि घेतलं, आता ते फक्त मोठ्या रबरांसाठी निघतं. बायको ३०० वापरते, आठ फुटी रॉडवर, आणि घरातला पहिला मस्की तिनेच काढला हे मला दर पार्टीत ऐकावं लागतं.

जुनी गोल रीलं तळव्यात नीट बसत नाहीत, उंच असतात. ती असतील तर रीलवर हात ठेवण्याचा हट्ट सोडा आणि रीलच्या पुढची जी मूठ असते, फोरग्रिप, तिथे धरा. बरेच जुने मस्कीवाले तसंच धरतात आणि त्यांचं काही अडत नाही. रॉड विकत घेताना फोरग्रिप आहे का ते मात्र बघा, काही रॉडना ती एवढीशीच असते.

मागची लांब मूठ मधे मधे येते. तिचं काय करू?

तिचाच तर आधार घ्यायचाय! इथे थोडं गणित सांगतो, कंटाळा आला तर पुढच्या प्रश्नावर जा. समजा पुढच्या हातापासून रॉडचं टोक ७ फुटांवर आहे, आणि तुमचा मागचा आधार पुढच्या हातापासून १ फुटावर. टोकाला काटकोनात फक्त ३ पौंडाची ओढ आली तर मागच्या आधारावर २१ पौंड येतात आणि पुढच्या हातावर दोन्ही मिळून २४. हाच मागचा आधार दीड फुटावर नेला तर आकडे १४ आणि १७ होतात. नुसतं सहा इंच मागे टेकवल्याने एवढा फरक. रॉड वाकतो तेव्हा तरफ आखूड होते त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी, पण हिशोब तोच. आणि जो माणूस मागे कुठेच टेकवत नाही, त्याचं हे सगळं ओझं एकटं मनगट उचलतं.

म्हणून गुंडाळताना मागची मूठ कोपराच्या आतल्या बाजूला, हाताच्या खालून चिकटवून ठेवा, किंवा कमरेच्या हाडाशी. काहीजण बगलेत धरतात, मला उन्हाळ्यात नको वाटतं. तुमच्या उंचीला जिथे नैसर्गिक बसेल तिथे. रॉडचं टोक खाली पाण्याकडे, ल्युअरच्या रेषेपासून थोडं बाजूला, म्हणजे मासा लागला तर झटका द्यायला जागा राहते.

हँडलचा गोळा कसा धरायचा?

सैल. अंगठा आणि दोन बोटं पुरतात, फार जड ओढ असेल तर पूर्ण मूठ. मस्कीच्या रीलवर मोठा गोळा असलेलं पॉवर हँडल असतं ते यासाठीच की चिमटीत धरावं लागू नये. मोठी पाती ओढायची असतील तर कमी गिअरचं रील बरं, ५ च्या आसपासचं (हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल पाचेकदा फिरतं), वेगवान ७ वालं त्यावर लावलं तर प्रत्येक फेरा जिना चढल्यासारखा वाटतो.

माझं कोपर दुखतंय. बाहेरच्या बाजूने. ग्रिपमुळे का?

बहुतेक हो, आणि स्वागत आहे मंडळात. मला तिसऱ्या सीझनला झालं, टेनिस एल्बो, आयुष्यात टेनिसची रॅकेट हातात धरलेली नाही. सकाळी दुधाचा गॅलन फ्रिजमधून काढताना कळ यायची. फिजिओने विचारलं काय करता, मी म्हटलं मासे पकडतो, तिने विचारलं किती पकडले, मी म्हटलं वर्षात दोन. ती बराच वेळ कागदाकडे बघत होती.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथे आवळलेली मूठ सव्वा लाखाला पडते. होतं असं की मूठ आवळताना मनगट ताठ ठेवणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतात तिथे सतत ताण येतो, आणि मनगट वर मोडलेलं असेल तर अजून जास्त. मी रॉड कसा धरतो ते बायकोने व्हिडिओ काढून दाखवलं, गुंडाळताना माझी बोटं पांढरी पडलेली दिसत होती. ती म्हणाली, ‘अरे, तो रॉड आहे, विरार लोकलचा दांडा नाही.’ तेव्हापासून मला ते वाक्य आठवतं आणि मूठ सुटते.

मला कामी आलेलं सांगतो, डॉक्टरकी नाही ही. मनगट सरळ रेषेत, वरही नाही खालीही नाही. मूठ अशी की कोणी रॉड ओढला तर निसटेल की काय वाटावं, पण निसटणार नाही. दर तासाला ल्युअरचा प्रकार बदला, म्हणजे तासभर बकटेल ओढला की थोडा वेळ टॉपवॉटर (पाण्याच्या वरवर चालणारं ल्युअर), हाताला वेगळं काम. आणि अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या त्या बाजूला दुखत असेल तर ते प्रकरण वेगळं, ते स्पूलवर अंगठा दाबून दाबून होतं. बोटांना रात्री मुंग्या येत असतील तर मात्र फिशिंगवाल्यांना विचारू नका, डॉक्टरकडे जा.

जर्कबेट आणि रबर, याला पण तीच ग्रिप?

रबरला, म्हणजे ते मोठे लवचिक शेपटीवाले, रॉड बाजूला लांब ओढायचा, थांबायचं, तेवढ्यात सैल झालेली लाईन गुंडाळायची. ओढताना मागची मूठ हाताला चिकटलेली हवी आणि कंबर वळायला हवी, नुसता हात ओढलात तर त्या वजनाने संध्याकाळपर्यंत खांदा जागचा हलणार नाही.

जर्कबेट आणि ग्लाईडबेटला (ठोक्यांनी बाजूला सरकणारी कडक ल्युअरं) टोक खाली करून छोटे छोटे ठोके. इथे मनगट वापरायचा मोह सगळ्यात जास्त होतो. ठोका कोपरापासून द्या, हातोडीने खिळा ठोकतो तसा, आणि ठोक्यानंतर लगेच टोक परत पुढे, लाईन सैल सोडा, नाहीतर ल्युअर बाजूला सरकतच नाही. नऊ फुटी रॉडने हे करताना टोक पाण्यात आपटतं, म्हणून यासाठी जरा आखूड रॉड बरा पडतो.

फिगर एट म्हणजे काय आणि त्यात हात कुठे?

मस्कीची वाईट खोड म्हणजे तो ल्युअरच्या मागे मागे बोटीपर्यंत येतो आणि नुसता बघतो. तुमच्यापासून चार फुटांवर, खांबासारखा आडवा, तोंड ल्युअरला जवळजवळ लागलेलं, डोळे तुमच्याकडे आणि कल्ले हळूच उघडझाप. पहिल्यांदा मला दिसला तेव्हा मी ल्युअर पाण्यातून उचलूनच घेतला. शेजारच्या बोटीतल्या आजोबांनी डोक्याला हात लावला.

उचलायचा नसतो, बोटीच्या कडेला पाण्यातच रॉडच्या टोकाने आठचा आकडा काढायचा. इंग्रजी आठ हं, आपला ८ नव्हे, आपला ८ काढलात तर मासा मोकळ्या बाजूने निघून जाईल. आपला ४ त्याच्या जास्त जवळ जातो, पण वरची टोकं जोडून.

यातली ग्रिप मी सगळ्यात जास्त घोटली आहे कारण वर्षातले दोन मासे इथेच मिळतात. लीडर (ल्युअरच्या आधी लावलेला मजबूत तुकडा) टोकापासून फूट-दीड फुटावर आला की गुंडाळणं बंद. डावा तळवा आहे तिथेच, रीलवर. उजवा हात हँडल सोडतो आणि मागच्या मुठीवर जातो. आता दोन हातांत अंतर पडलं, तरफ मिळाली, वल्हं मारल्यासारखं रॉड फिरवता येतो. गुडघे वाकवा, कारण टोक पाण्यात चांगलं दोन-तीन फूट खाली गेलं पाहिजे, आणि वळणं मोठी घ्या, चार फुटी माशाला छोट्या वळणात वळता येत नाही, एसटीला गल्लीत वळवण्यासारखं आहे ते. वळणावर वेग थोडा वाढवा. आणि हे प्रत्येक कास्टच्या शेवटी करायचं, मासा दिसला नाही तरी, कारण ढगाळ दिवशी गढूळ पाण्यात तो असतो आणि दिसत नाही.

मामा एकदा ऑगस्टमध्ये आला होता, त्याला मील लॅक्स तलावावर नेलं. पहिले दहा-बारा कास्ट तो गप्प बघत होता, मग म्हणाला, ‘अरे ह्या काय, मासो धरतंस काय पाणी ढवळतंस?’ संध्याकाळी मात्र तोच ढवळत बसला होता, आणि उतरायला तयार नव्हता.

फिगर एटला रीलचं बटण दाबून स्पूल मोकळं ठेवायचं का?

दोन गट आहेत. एक गट बटण दाबून अंगठ्याने स्पूल धरून ठेवतो, मासा लागला की झटका आणि मग अंगठ्याने हळूहळू लाईन सोडायची. त्यात हुकमत आहे पण ती अंगठ्याच्या भरवशावर आहे. एवढ्या कमी लाईनवर मोठा मासा पळाला तर ब्रेड स्पूलवरून असा सुटतो की कातडी जाते, माझी गेलीय, आठवडाभर फोन अनलॉक होत नव्हता. मी बटण दाबत नाही, रील गिअरमध्येच ठेवतो, आणि सकाळी निघतानाच ड्रॅग (जास्त ताण आला की लाईन सुटू देणारा रीलमधला ब्रेक) हाताने ओढून बघतो की जोर लावल्यावर सुटतोय.

मासा लागला! आता?

आता आकाशाकडे झटका द्यायचा नाही, बाजूला द्यायचा, मासा ज्या दिशेला जातोय त्याच्या उलट. मग दोन्ही हात रॉडवर, बुंधा पोटाला किंवा कमरेला, आणि रॉड सतत वाकलेला. डावा हात फोरग्रिपवर सरकवलात तर ताकद मिळते. पण फोरग्रिपच्या पुढे, उघड्या काडीवर हात नेऊ नका, विशेषतः मासा बोटीखाली गेल्यावर. ताण एका जागी येतो आणि रॉड तिथेच मोडतो. तसंच मासा जवळ असताना रॉड सरळ उभा करू नका, त्यानेही टोकाकडचा भाग जातो.

एकटे असाल तर डाव्या हातात रॉड मागे नेऊन जाळं उजव्या हातात, जाळं आधीच उघडून ठेवलेलं. याला सराव लागतो. मी एकटा जाताना घाबरतो अजून.

ट्रोलिंगला?

ट्रोलिंग म्हणजे ल्युअर मागे सोडून बोट चालवत राहायची, तेव्हा रॉड होल्डरमध्ये असतो, तुम्ही चहा प्या. फक्त मासा लागल्यावर होल्डरमधून काढताना दोन्ही हातांनी काढा, एका हाताने काढायला गेलात तर बोटीचा वेग आणि मासा मिळून मनगट पिळतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हातमोजे घालायचे का?

घाला, पण अंगठा आणि तर्जनीची टोकं उघडी असलेले. पूर्ण मोज्यात स्पूल कळत नाही. थंडीत माणूस आपोआप मूठ आवळतो, शिवाय ओली लाईन रीलवर पाणी आणते आणि रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ धरतो, मग जोर अजून लागतो. दोन-तीन जोड न्या, ओला झाला की बदला. खिशात हँडवॉर्मर.

मागची मूठ ओल्या हातात घसरत असेल तर बॅडमिंटनच्या रॅकेटला जी ग्रिप टेप लावतात ती गुंडाळा. पातळ, स्वस्त, दर सीझनला नवीन. क्रिकेट बॅटचा रबरी ग्रिप मी चढवून बघितलाय, सैल बसतो आणि गोल फिरतो.

मासा हातात कसा धरायचा? फोटोसाठी.

आडवा. उभा लटकवायचा नाही, एवढ्या जड माशाचं स्वतःचं वजनच त्याला इजा करतं. एक हात कल्ल्याच्या झाकणाच्या आतल्या कडेने, आतल्या लाल कल्ल्यांना न लागता, दुसरा पोटाखाली मागच्या बाजूला. आधी जाळ्यात पाण्यातच गळ काढून किंवा कटरने तोडून घ्या, फोटोवाला तयार झाला की मग उचला, काही सेकंद, आणि परत पाण्यात. मिनेसोटात बहुतेक ठिकाणी ५४ इंचांपेक्षा लहान मस्की ठेवताच येत नाही, आणि त्याहून मोठाही सहसा कोणी ठेवत नाही. आपल्याकडचे पाहुणे विचारतातच की मग खायचा कधी. नाही खायचा, वॉलाय (इथला दुसरा एक मासा) खा, तो मस्त लागतो. पाणी ८० फॅरनहाइटच्या वर गेलं असेल तर मस्कीच्या मागे जाऊच नका, सोडला तरी तो जगेल याचा भरवसा नसतो.

हिवाळ्यात तलाव गोठतात, तेव्हा सराव कसा?

बर्फ पडलेल्या पार्किंगमध्ये, गळ काढलेला ल्युअर लावून. टाकणं, हवेत असतानाच हात बदलणं, गुंडाळणं, शेवटी आठ. घरात टीव्ही बघताना रॉडचा मागचा तुकडा आणि रील घेऊन नुसता हात बदलायचा सराव केला तरी चालतो, वीस-तीसदा, डोळे टीव्हीवर. बाहेर करणार असाल तर शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, आमच्या समोरच्या आजी दोनदा खिडकीशी येऊन गेल्या आणि तिसऱ्यांदा बाहेर येऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना घरी.

पुढच्या शनिवारी तुझ्याबरोबर येतोय. काय आणू?

पोलराईज्ड गॉगल, टोपी, रेनकोट, लायसन्स. नखं कापून या, लांब नखात ब्रेड अडकतो. रॉड माझ्याकडे आहेत, बायकोचा मिळणार नाही. खायला काहीही आणा पण केळी नकोत, बोटीवर केळं अपशकुनी असं इथले सगळेच मानतात आणि मी पण आता मानतो. गेल्या वर्षी एकाने केळ्याचे वेफर्स आणले होते, त्याचं काय करायचं यावर बोटीत एकमत झालं नाही, शेवटी पाकीट गाडीत ठेवून आलो.